यंत्राला कान नसतात

(रेडिओवरील भाषणाचं संपादित शब्दरूप)

इमारतीत कुणाकडे फर्निचरचं काम निघालं, की सगळ्या मजल्यांना ते न सांगता कळतं. हातोड्याची ठकठक असते, करवतीची घरघर असते. पण या सगळ्यांच्या वर चढणारा आणखी एक आवाज असतो. बारीक, कर्कश, थेट दाढेत शिरणारा. तो आवाज ट्रिमरचा. वीतभर उंचीचं, मुठीत मावणारं, विजेवर चालणारं हे हत्यार. प्लायवूडवर सनमायका चिकटवला की त्याची कड थोडी बाहेर राहते. पूर्वी सुतार ती कानशीनं घासत बसत. आता कडेवरून एकदा ट्रिमर फिरवला की काम झालं.

आज मला बोलायचं आहे ते या ट्रिमरबद्दलच. पण तो सुताराच्या हातातून काढून घेतला आणि घरी बनवलेल्या एका यंत्राला बांधला तर काय होतं, त्याबद्दल.

माझं सगळं आयुष्य पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये गेलं. निवृत्त झालो आणि पहिल्या सहा महिन्यांत घरातले सगळे नळ, सगळ्या बिजागऱ्या आणि शेजाऱ्यांच्या शिलाई मशीन दुरुस्त करून संपल्या. मग गॅरेजमध्ये एक छोटं सीएनसी यंत्र बनवायला घेतलं. वाटलं होतं, आपल्याला यातलं सगळं येतं. पुढं काय झालं ते सांगतोच.

सीएनसी हा शब्द हल्ली सगळ्यांच्या कानावर असतो. देव्हाऱ्यामागची जाळी, दाराच्या फळीवरची नक्षी, दिवाणखान्यातलं पार्टिशन. ‘सीएनसी कटिंग करून मिळेल’ अशा पाट्या ठिकठिकाणी दिसतात. म्हणजे काय, तर कापणाऱ्या हत्यारानं कुठं जायचं, किती खोल जायचं आणि किती वेगानं जायचं हे आकड्यांत लिहून द्यायचं, आणि यंत्रानं ते आकडे वाचत हत्यार फिरवायचं. डावं-उजवं, पुढं-मागं आणि वर-खाली अशा तीन दिशा. प्रत्येक दिशेला एक स्टेपर मोटर. ही मोटर पंख्याच्या मोटरसारखी नुसती गरगरत नाही. विजेचा एक ठोका मिळाला की एक पाऊल टाकते. एका फेऱ्याला २०० पावलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या मदतीनं प्रत्येक पावलाचे १६ भाग केले, की ३,२०० ठोक्यांना एक फेरा. दर फेऱ्याला ८ मिलिमीटर सरकवणारा आट्यांचा दांडा जोडला, की एका मिलिमीटरला ४०० ठोके. कागदावर हिशेब इतका सुरेख दिसतो, की माणूस हुरळून जातो. मीही गेलो.

ही कल्पना तशी जुनी. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे आकार अचूक मिळावेत या खटपटीत अमेरिकेतल्या जॉन पार्सन्स यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस आकड्यांनी यंत्र चालवायचा विचार मांडला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९५२ साली असं मिलिंग यंत्र चालवून दाखवलं गेलं. त्याचा मेंदू निर्वात नळ्यांनी भरलेल्या कपाटांचा होता. मूळ यंत्र मात्र सिनसिनाटी शहरातल्या कारखान्याचं. गंमत अशी, की फॉर्मायका, म्हणजे आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो त्या जातीचा पत्रा, १९१३ साली याच सिनसिनाटीत बनू लागला. तोही फर्निचरसाठी नव्हे, तर विजेच्या कामात अभ्रकाऐवजी वापरायला. पुढं तो टेबलांवर चढला, त्याच्या कडा कापायची गरज पडली आणि त्यासाठी ट्रिमर आला. एकाच गावातून निघालेल्या या दोन वाटा आज माझ्यासारख्याच्या गॅरेजमध्ये पुन्हा एकत्र येतात.

त्या एकत्र आल्या कारण यंत्राचा मेंदू स्वस्त झाला. नॉर्वेच्या सिमेन स्कोग्सरुड यांनी २००९ साली ‘जीआरबीएल’ नावाचा प्रोग्राम लिहून तो सर्वांना मोफत खुला केला. आर्डुइनो नावाच्या, तळहातावर मावणाऱ्या सर्किटवर तो चालतो आणि तिन्ही मोटरांना ठोके पुरवतो. २०११ साली अमेरिकेतल्या एडवर्ड फोर्ड यांनी ‘शेपओको’ नावाचं, घरी जोडता येणारं छोटं सीएनसी यंत्र पुढं आणलं. मग हौशी लोकांची रांगच लागली. आपल्याकडेही आता पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सचं सामान मिळतं, आणि अ‍ॅल्युमिनियमचे खाचेदार बार हव्या त्या लांबीचे कापून मिळतात.

सांगाडा झाला, मेंदू झाला. आता प्रश्न उरतो प्रत्यक्ष कापणाऱ्याचा. बिट पकडून गरगर फिरवणाऱ्या भागाला आम्ही स्पिंडल म्हणतो. कारखान्यातल्या यंत्रांचं स्पिंडल हे स्वतंत्र प्रकरण असतं. त्यात तीन फेजची मोटर, तिला वेग देणारं वेगळं इलेक्ट्रॉनिक खोकं, नेमून बसवलेली बेअरिंग्ज, कधी थंड ठेवायला पाण्याचा पंपसुद्धा. काम उत्तम, आवाज कमी, दिवसभर चालवा. पण किंमत घरगुती यंत्राच्या सांगाड्याइतकी, कधी जास्तच. ट्रिमर मात्र साधा असेल तर दोन-तीन हजारांत आणि नामांकित कंपनीचा असेल तरी दहा-बारा हजारांच्या आसपास येतो. घरच्या साध्या प्लगवर चालतो. वजन दोन किलोच्या आत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, त्याचा वरचा पट्टा आणि खालचं पाऊल काढलं की उरतो तो सरळ, गोल दंडगोल. त्याला कड्यात पकडायचं आणि यंत्राला बांधायचं. माकिताच्या आरटी०७०० या ट्रिमरचा हा दंडगोल ६५ मिलिमीटर व्यासाचा आहे. हौशी यंत्रांमध्ये तो इतका रुळला, की ६५ मिलिमीटरचं कडं हे जवळजवळ प्रमाणमापच होऊन बसलं.

मीही तेच केलं. ७१० वॉटचा, मिनिटाला १०,००० ते ३०,००० फेरे देणारा, वेगासाठी एक ते सहा आकड्यांची चकती असलेला ट्रिमर आणला.

आता या ट्रिमरच्या पोटात काय आहे? तुमच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये जे आहे तेच. फिरणाऱ्या तारांच्या गुंडाळीला दोन बाजूंनी कार्बनचे तुकडे टेकलेले असतात, त्यांना ब्रश म्हणतात. त्यांतून वीज आत जाते. अशी मोटर आकारानं लहान, जोर मोठा आणि वेग प्रचंड. पण तिची किंमत तीन प्रकारे मोजावी लागते. आवाज होतो. ब्रश झिजतात. आणि मोटर तापते. मिक्सरसोबत येणाऱ्या पुस्तिकेत सलग किती मिनिटं चालवायचा ते लिहिलेलं असतं, ते उगाच नव्हे. सुताराच्या हातातला ट्रिमर अर्धा मिनिट चालतो, मग थांबतो, सुतार पुढची कड धरतो, घाम पुसतो. आपण मात्र त्याला सांगतो, ही नक्षी दीड तासाची आहे, थांबू नकोस. मिक्सरला पिठाच्या गिरणीचं काम सांगण्यासारखंच हे. करेल तो, पण सांभाळून घ्यावं लागेल.

पहिला धडा कड्याचा. बांधताना मला घाई झाली होती, म्हणून थ्री-डी प्रिंटरवर छापलेलं प्लास्टिकचं कडं लावलं. हे प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. ट्रिमर तासभर चालला, अंग तापलं, कडं सैल झालं आणि ट्रिमर गुण्यात राहिला नाही. फळीवर पायऱ्या उमटल्या. मग अ‍ॅल्युमिनियमची दोन कडी करून घेतली, एक वर आणि एक खाली. टूलरूममध्ये नवीन पोरांना मी शिकवत असे, की हत्यार जितकं बाहेर तितकं ते वाकणार. बाहेरची लांबी दुप्पट केली तर वाकणं आठपट. स्वतःच्या यंत्रावर मात्र बिट लांबलचक बाहेर काढून बसलो होतो!

दुसरा धडा ३५ शतांश मिलिमीटरचा. ट्रिमरच्या तोंडाशी बिट पकडणारी एक चिरा पाडलेली पुंगळी असते, तिला कोलेट म्हणतात. बाजारात बिटांचे दांडे दोन मापांचे मिळतात. एक ६ मिलिमीटरचा, दुसरा पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा. डोळ्यांना फरक कळत नाही. पाव इंची कोलेटमध्ये ६ मिलिमीटरचा दांडा घालून कितीही आवळला तरी तो घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण बसत नाही. काम चालू असताना बिट हळूहळू खाली सरकतं, आणि नाहीतर सुटतं. मिनिटाला वीस हजार फेरे फिरणारा पोलादाचा तुकडा सुटला तर काय होईल, हे मी सांगायला नको. बिट विकत घेताना दुकानदाराला माप विचारा, आणि घरी आल्यावर स्वतः मोजा.

एवढं झाल्यावर मी पहिलं खरं काम लावलं. मुलीच्या नव्या घरासाठी सागवानाची नावाची पाटी. भीती होती, म्हणून यंत्र अगदी हळू चालवायचं ठरवलं. मिनिटाला फक्त ५०० मिलिमीटर. आणि ट्रिमरचा वेग सर्वांत जास्त, ३०,०००, कारण जास्त वेगात काप स्वच्छ येतो अशी माझी समजूत. पाटी तयार झाली. अक्षरांच्या कडा कोळशासारख्या काळ्या.

त्या दिवसांत आमच्या इमारतीत वरच्या एका घरी सुतारकाम चालू होतं. तिथले मिस्त्री, मूळचे कोकणातले, येता-जाता माझ्या गॅरेजशी थांबत. त्यांनी पाटीकडे पाहिलंच नाही. खाली वाकून पडलेला भुसा चिमटीत घेतला, बोटांवर चोळला आणि म्हणाले, “साहेब, हे पीठ पडतंय. ढलपी पडायला हवी.”

मी मान डोलावली, आणि मग मनातल्या मनात खजील झालो. कारण हाच हिशेब मी कारखान्यात रोज करत होतो, फक्त पोलादासाठी. तो तुम्हालाही सांगतो, अगदी सोपा आहे. बिटाला दोन धारा. मिनिटाला ३०,००० फेरे म्हणजे ६०,००० काप. त्या मिनिटात बिट पुढं सरकतं ५०० मिलिमीटर. ५०० भागिले ६०,०००. म्हणजे प्रत्येक धारेच्या वाट्याला येणारं लाकूड एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. इतक्या पातळ थराला धार कापत नाही, नुसती घासते. किसणीवर गाजर दाबून ओढलं तर कीस पडतो. नुसतं टेकवून घासत बसलं तर कीस पडत नाही आणि बोटं मात्र सोलतात. लाकडाचंही तेच. ढलपी निघाली तर ती जाताना उष्णता सोबत घेऊन जाते. पीठ पडलं तर उष्णता धारेतच राहते. धार बोथट होते, बोथट धार जास्त घासते, जास्त तापते आणि लाकूड जळतं.

मग वेगाची चकती दोनवर आणली, म्हणजे १२,००० फेरे. आणि सरकण्याचा वेग १,२०० केला. १,२०० भागिले २४,०००, म्हणजे ५ शतांश मिलिमीटर. आधीच्या सहापट जाड ढलपी. एका वेळी खोली दीड मिलिमीटरच ठेवली, कारण माझा सांगाडा कारखान्यातल्या यंत्रासारखा ओतीव लोखंडाचा नाही. पाटी पुन्हा कापली. सागवानाचा सोनेरी रंग जसाच्या तसा, आणि आवाजही कमी. नवख्या माणसाला ‘हळू म्हणजे सुरक्षित’ असं वाटतं. इथं हळू म्हणजे जळकं.

मी मिस्त्रींना विचारलं, “तुम्ही हातानं चालवता, तेव्हा किती वेगानं सरकवायचं हे कसं ठरवता?” त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाले, “ठरवायचं कसलं? आवाज ऐकायचा. चिरकायला लागला की हात पुढं ढकलायचा. घोगरा झाला की ढिला सोडायचा.”

त्या दोन वाक्यांत या सगळ्या विषयाचं मर्म आहे. ट्रिमर हे हातात धरायचं हत्यार आहे. त्याची निम्मी यंत्रणा त्याच्या पोटात असते आणि निम्मी सुतारात. सुताराचा कान वेग ठरवतो, मनगट जोर ठरवतं, नाकाला जळका वास येतो, आणि काही बिनसलं तर अंगठा बटणावर असतो. आपण ट्रिमर कड्यात आवळतो तेव्हा पहिला अर्धा भाग घेतो आणि दुसरा मागं ठेवतो. यंत्राला कान नसतात. स्टेपर मोटर ठोके मोजते, पण आपलं पाऊल खरंच पडलं की नाही हे तिला कळत नाही. बिट गाठीत अडकलं तर ती दोन-चार पावलं चुकते आणि चुकलेल्या जागेवरून पुढं तितक्याच आत्मविश्वासानं चालत राहते.

हे मला समजलं होतं, पण पुरतं समजलं ते एका दुपारी.

एका देव्हाऱ्याची जाळी यंत्रावर होती. सगळं सुरळीत चाललं होतं. काम संपायला सात-आठ मिनिटं उरली असतील. मी चहा घ्यायला वर घरी गेलो. तेवढ्यात वीज गेली. मी म्हटलं, बरं झालं, यंत्र आपोआप थांबलं. चहा निवांत प्यायलो.

थांबलं काहीच नव्हतं. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. आर्डुइनोला वीज त्याच लॅपटॉपमधून मिळत होती. त्यामुळे मेंदू जिवंत आणि हातपाय मेलेले. मेंदू ठोके देत राहिला, मोटरा जागच्या हलल्या नाहीत, आणि उरलेलं काम त्यानं असं हवेतच ‘पूर्ण’ केलं. शेवटची आज्ञा होती, बिट वर उचल. तीही त्यानं दिली. उचलायला कुणी नव्हतं. बिट लाकडातच राहिलं.

मग वीज आली. ट्रिमरचं बटण एकदा पुढं ढकललं की तिथंच अडकून राहतं. ते तसंच होतं. ट्रिमर सुरू झाला. मोटरांना करायला काम उरलं नव्हतं, म्हणून त्या स्वस्थ. बिट मिनिटाला १२,००० फेऱ्यांनी एकाच जागी, लाकडाच्या खोबणीत फिरत राहिलं. खाली भुशाचा ढीग.

वीज गेली म्हणून मिस्त्रीही वरून खाली येऊन पार्किंगमध्ये बसले होते. त्यांनी आवाज ऐकला, आत आले आणि प्लग ओढला. मी खाली पोचलो तेव्हा गॅरेजमध्ये धूर होता आणि मिस्त्री त्यांच्या पाण्याची बाटली भुशावर ओतत होते. जाळीत रुपयाएवढं काळं भोक पडलं होतं. त्याखाली भुसा धुमसत होता. गॅरेजच्या दुसऱ्या कोपऱ्यात रंगाचे डबे आणि टर्पेंटाइन होतं.

मी विचारलं, “तुम्हाला कळलं कसं?” ते म्हणाले, “रिकामा ट्रिमर वेगळा ओरडतो, लाकडात चाललेला वेगळा. हा लाकडात होता आणि चालत नव्हता.”

त्या रात्री मला झोप आली नाही. तेहेतीस वर्षं मी लोकांना यंत्र सोडून जाऊ नका म्हणून रागावलो होतो, आणि स्वतः चहा प्यायला गेलो होतो. इमारतीत अठरा बिऱ्हाडं आहेत.

दुसऱ्या दिवशी सगळी वायरिंग उपसली. उपाय शोधायला लांब जावं लागलं नाही. तो गावाकडच्या विहिरीवर होता. शेतातल्या पंपाचा स्टार्टर तुम्ही पाहिला असेल. हिरवं बटण दाबलं की आतलं चुंबक पट्टी धरून ठेवतं आणि मोटर चालते. वीज गेली की चुंबक पट्टी सोडतं. वीज परत आली तरी कुणीतरी बटण दाबेपर्यंत मोटर सुरू होत नाही. रात्री-अपरात्री बटण दाबायला जायला नको म्हणून शेतकरी त्याला ‘ऑटो’ बसवतात, ते वेगळं. मला ऑटो नकोच होतं. असाच छोटा स्टार्टर मी बसवला आणि ट्रिमर, मोटरा अशा दोघांची वीज त्याच्यातूनच नेली. लाल रंगाचं मोठं, थापटता येईल असं बटण यंत्राच्या पुढच्या बाजूला लावलं. एक थाप आणि सगळं बंद. नुसता मेंदू थांबवणारं बटण उपयोगाचं नाही, कारण ट्रिमर मेंदूचं ऐकत नाही. त्याला थांबवायचं तर त्याची वीजच तोडावी लागते. आणखी एक नियम केला. यंत्र चालू असताना गॅरेज सोडायचं नाही. चहा थर्मासमध्ये. आणि आग विझवायचा छोटा सिलिंडर दाराशी, यंत्रामागं नव्हे. आग लागल्यावर यंत्रामागं कोण जाणार?

वायरिंग करताना आणखी एक शत्रू सापडला. ब्रशांमधून बारीक ठिणग्या उडत असतात, आणि त्या आजूबाजूच्या तारांमध्ये विजेची खरखर पेरतात. जुन्या रेडिओजवळ मिक्सर लावला की कशी खरखर यायची, तीच ही. मेंदूला वाटतं कुणीतरी टोकाचा स्विच दाबला, आणि तो मध्येच काम थांबवतो. ट्रिमर अर्थातच फिरत राहतो. म्हणून ट्रिमरची वायर आणि मोटरांच्या, स्विचच्या वायरी एकत्र बांधू नयेत. जाळीदार आवरणाची केबल वापरावी आणि सांगाड्याला नीट अर्थिंग करावं.

धुळीचंही सांगायला हवं. ट्रिमरचा स्वतःचा पंखा वरून हवा ओढतो आणि खाली सोडतो. म्हणजे भुसा उडवतो, आणि उडालेला पुन्हा वरून पोटात घेतो. बेअरिंगांचं आयुष्य त्यामुळे घटतं. पण बेअरिंग बदलता येतं, फुप्फुसं येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीला १९९५ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं आहे. एमडीएफच्या फळीत लाकडाच्या धुळीबरोबर रसायनी डिंकही असतो. तेव्हा बिटाभोवती ब्रशच्या झालरीचं टोपण, त्याला व्हॅक्युमची नळी, नाकावर चांगला मास्क आणि कानांवर रक्षक, हे चैनीचं सामान नव्हे. मिस्त्रींनी आयुष्यात यांतलं काहीच वापरलेलं नव्हतं. आता मास्क लावतात. कानांना मात्र लावत नाहीत. म्हणतात, मग ऐकू कसं येणार? या प्रश्नाचं पूर्ण समाधान करणारं उत्तर माझ्याकडे अजून नाही. कानरक्षक आवाज कमी करतो, त्याचा चढ-उतार पुसत नाही, एवढं मी त्यांना पटवून देत असतो. आणि शेजाऱ्यांसाठी, दुपारी एक ते चार यंत्र बंद. हा नियम पुण्यात कुणालाच जड जात नाही.

आता तुम्ही विचाराल, इतकं सगळं सोसून ट्रिमर लावावा का? लावावा. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ आणि योग्य बिट असेल तर अ‍ॅक्रिलिक यांसाठी तो उत्तम चालतो. अ‍ॅल्युमिनियमसुद्धा एका धारेच्या बिटानं, अगदी पातळ थर घेत कापतो. पोलादाच्या नादी लागू नये. बिट लाकडात सरळ ठोकल्यासारखं उतरवू नये, उतारावरून नेल्यासारखं तिरकं उतरवावं. ब्रश अधूनमधून काढून पाहावेत, खुणेपर्यंत झिजले की जोडीनं बदलावेत. नवीन जोडीची किंमत अगदी थोडी असते. आवाज बदलला की बेअरिंग तपासावं. दिवसाला तास-दोन तासांचं काम असेल तोवर ट्रिमर पुरतो. सकाळी लावून रात्री बंद करायचा धंदा सुरू झाला, की मग खरं स्पिंडल घ्यावं. ट्रिमरनं शिकवलेला धारेचा हिशेब तिथंही तोच असतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. ते भोक पडलेलं काम मी टाकून दिलं आणि देव्हाऱ्याची जाळी पुन्हा कापली. मिस्त्री उभे होते. या वेळी आकडे मी घातले, पण चकती त्यांच्या हातात दिली. त्यांनी कान देऊन ती जरा पुढं, जरा मागं केली आणि एका जागी थांबवली. आवाज खरोखरच गोड लागला. जाळी झाल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “साहेब, अशी एक जाळी करायला मला दोन दिवस लागतात. घराघरांत हे आलं की आमचं काय?”

मला काहीतरी धीर देणारं बोलता आलं असतं. पण खोटं बोलावंसं वाटलं नाही. सरळसोट जाळ्यांचं काम यंत्राकडे जाणार, हे मी त्यांना सांगितलं. ते त्यांनाही दिसत होतंच.

मग त्यांनी जाळी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि आतल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. नकाशात कोपरा काटकोनात होता. फळीवर तो गोल आला होता. येणारच. ६ मिलिमीटरचं गोल बिट कोपऱ्यात शिरलं, की ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई मागं राहते. लहान बिट घेतलं तर लहान गोलाई, पण गोलाईच. फिरणाऱ्या कोणत्याही हत्याराला आतला कोपरा धारदार काढता येत नाही.

मिस्त्रींनी पिशवीतून पटाशी काढली. एकेका कोपऱ्याला दोन टोले, एक आडवा, एक उभा. चौसष्ट चौकोनांचे सगळे कोपरे संध्याकाळपर्यंत काटकोनात आले. पुढच्या महिन्यात ते मला घेऊन नागदेवी स्ट्रीटला गेले, स्वतःसाठी ट्रिमर पाहायला. या वेळचा ट्रिमर हातात धरायला नको होता, यंत्राला बांधायला हवा होता. दुकानदारानं तीन प्रकार पुढं ठेवले. मी त्यांच्यावर छापलेले वॉट आणि फेरे वाचू लागलो. मिस्त्रींनी तिन्ही एकेक करून प्लगला लावले आणि डोळे मिटून ऐकत उभे राहिले.